बेचाळीस नंबरचं रक्त

अंकलवाडी, ता. वाळवा, जि. सांगली
१४ सप्टेंबर २०२५

चारुताई, नमस्कार.

सांगलीच्या डॉक्टरांच्या बैठकीत तुम्ही बजावलं होतंत, की माझ्याकडे रक्तविकाराचा पेशंट पाठवायचा तर मोबाईलवर रिपोर्टचे फोटो पाठवू नका, फोनही करू नका, पेशंटच्या हाती एका पानाची चिठ्ठी द्या. मागच्या रांगेतले आम्ही सगळे हसलो होतो. आज मीच पहिली चिठ्ठी लिहायला बसलोय. कॉलेजात तुम्ही दोन वर्षं पुढे होतात आणि माझ्या जर्नलवर लाल रेघा मारायचात, ते आठवून अक्षर नीट काढतोय. एका पानाचं दीड होणार, हे आधीच कबूल करतो.

पेशंट बाळगोंडा सातगोंडा पाटील, वय ७१, शेती. नात्याने माझे मामा लागतात, म्हणजे माझ्या आत्तीचे, वडिलांच्या बहिणीचे, यजमान. आमच्या गावच्या पाणीपुरवठा संस्थेला पंचवीस वर्षं झाली म्हणून ३ सप्टेंबरला सभासदांसाठी रक्ततपासणीचं शिबिर घेतलं. सगळी जुळवाजुळव माझीच होती. ११८ सभासदांचं रक्त शहरातल्या एका लॅबकडे गेलं आणि आठवड्याने रिपोर्टांचा गठ्ठा आला.

तुम्ही शिकवलेली वजाबाकी लक्षात होती. एकूण प्रथिनांतून अल्ब्युमिन वजा करायचं आणि चारच्या वर उरलं तर तिथे थांबायचं. त्याच रात्री पेन घेऊन ११८ वजाबाक्या केल्या. बायको म्हणाली, चौथीच्या पोराचा गृहपाठ करताय का. ११७ बरोबर निघाल्या. सभासद क्रमांक ४२ ला थांबलो. १०.४ वजा ३.१, उरले ७.३. हे मामा.

लॅबने उरलेलं रक्त ठेवलं होतं. त्याचाच प्रथिनांचा आलेख काढून घेतला. त्यात एकाच जातीच्या प्रथिनाचा उभा सुळका आहे, एम-बँड ४.२. हिमोग्लोबिन ९.६, क्रिएटिनिन १.४. रिपोर्ट सोबत जोडले आहेत.

नवल एवढंच, की मामांची काहीही तक्रार नाही. सायकलवरून मळ्यात जातात. आमच्या जैनांच्या दशलक्षण पर्वाचे दहाही दिवस त्यांनी नुसत्या कोमट पाण्यावर काढले आणि अकराव्या दिवशी ऊस बघायला गेले. तुम्हीच तपासा.

सोबत माझी आत्ती, चंदनबाला, येतेय. त्यांची मुलगी दीपाली तुमच्या साताऱ्यातच दिलेली आहे, त्यामुळे उतरायची सोय आहे. मी दोघांना 'रक्तात थोडा दोष दिसतोय' इतकंच सांगितलंय. पुढचं तुम्ही सांगा, पण आत्तीला जरा जपून. माझी आई मी पाच वर्षांचा असताना गेली. मला वाढवलं ते आत्तीने.

आपला,
जिनेंद्र मगदूम


सातारा
२१ सप्टेंबर २०२५

जिनेंद्र,

चिठ्ठी मिळाली. दीड पान चालेल, पण पहिला परिच्छेद पेशंटचा असावा, तुझ्या अक्षराचा नको.

तुझ्या मामांना १७ तारखेला बघितलं. मणका दाबला, बरगड्या दाबल्या, कुठे दुखत नाही. मी नव्याने रक्त घेतलं. हिमोग्लोबिन १४.१. एकूण प्रथिनं ७.२, अल्ब्युमिन ४.३, क्रिएटिनिन ०.९. आलेखात सुळका नाही, टेकाडसुद्धा नाही. लघवीही स्वच्छ. खात्रीसाठी आलेख दोनदा काढला. हा माणूस माझ्यापेक्षा ठणठणीत आहे.

भेटीबद्दल थोडं. मामा फारसं बोलतच नव्हते. रक्त कधी दिलं, कुठे दिलं, त्रास काय, सगळ्याला उत्तर आत्तीचं. खुर्ची दिली तर 'असू दे, उभीच बरी' म्हणून भिंतीला टेकून राहिल्या. तेव्हा नवे रिपोर्ट यायचे होते, म्हणून तुझ्या चिठ्ठीतले आकडे खरे असतील तर हे काय असू शकतं ते मी सांगितलं. हाडांच्या मगजाचा रोग आहे, मायलोमा म्हणतात. कर्करोगातलाच, पण औषधं चांगली आहेत. लवकर धरला तर माणसं पुष्कळ वर्षं जगतात, आणि सोडून दिला तर हाडं पोकळ होतात, किडन्या बंद पडतात. आत्तींनी तीन प्रश्न विचारले. औषध न घेता किती दिवस निघतात? दिवस मावळल्यावर गोळी घ्यावी लागते का? कॅप्सूलचं टरफल कशाचं असतं? इतके नेमके प्रश्न मला शिकाऊ डॉक्टरसुद्धा विचारत नाहीत.

मग मी माझं नेहमीचं पुराण लावलं. या रोगात दुखण्याच्या सुया आणि गोळ्या म्हणजे किडनीला विष. मामा म्हणाले, आपण कधी गोळी घेत नाही. तरी मी थांबले नाही. म्हटलं, पाठ दुखते म्हणून आलेल्या वयस्क माणसाला वर्षभर सुया टोचायच्या आणि एकदाही रक्त बघायचं नाही, असला माणूस डॉक्टर नव्हे, कसाई. बोलून गेल्यावर कळलं की तुमच्या लोकांसमोर हा शब्द नको होता. आत्ती एकदम गप्प झाल्या. मामा काहीतरी बोलणार होते, त्यांच्या हातावर हात ठेवून त्यांनी मानेनेच नको म्हटलं. माझ्या वतीने माफी माग.

आता महत्त्वाचं. तू सुटलो म्हणून पेढे वाटू नकोस. यंत्र चुकतं तेव्हा एखादा आकडा चुकतो. इथे प्रथिनं, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, आलेख, सगळं एकमेकांशी जुळतंय. ते रक्त खरंच कोणाचं तरी आहे, फक्त तुझ्या मामांचं नाही. तुझ्या गावात एक माणूस हिंडतो आहे ज्याला हा रोग आहे आणि त्याला ते माहीत नाही. क्रिएटिनिन १.४ म्हणजे किडनी बिघडायला लागलेली आहे. हातात आठवडे आहेत, महिने नाहीत. त्याला शोध.

चारुशीला बर्गे


अंकलवाडी
३ ऑक्टोबर २०२५

चारुताई,

मामांचा रिपोर्ट वाचून पेढे वाटले नाहीत, पण आत्तीच्या घरी जाऊन खीर खाल्ली. रिपोर्ट वाचून दाखवला तेव्हा मामा नुसते हसले. आत्तीने अजून एक वाटी वाढली आणि विषय उसाच्या तोडीवर नेला.

तुम्ही म्हणालात ते पटलं. नळ्यांची अदलाबदल झाली असणार असं धरून ४१ आणि ४३ नंबरच्या दोघांचं रक्त पुन्हा घेतलं. ४१ वीरधवल मगदूम, आमच्या भावकीतला, तो सुई बघूनच आडवा झाला. दोघेही चांगले निघाले. मग आजूबाजूचे आणखी नऊ जण तपासले. सगळे चांगले. लॅबवाला म्हणतो, आमच्याकडे नळ्या बदलत नाहीत. त्याच्याशी भांडून झालं.

अकरा घरी जाऊन 'परत रक्त द्या' म्हणणं सोपं नाही. गावात कुजबुज आहे की डॉक्टरचं काहीतरी हरवलंय. आता उरलेले १०६ बोलवायचे का? की लॅबमधल्या दुसऱ्या गावच्या कुणाच्या रक्तावर आमचा नंबर पडला असेल? तसं असलं तर आमच्यापुरता विषय मिटला असं म्हणता येईल.

तुमची माफी आत्तीपर्यंत पोचवली. तिने तो शब्द मनाला लावून घेतलेला दिसतो. साताऱ्याहून आल्यापासून माझ्या दवाखान्याची पायरी चढलेली नाही. तिची पाठ अधूनमधून धरायची, तीही आता बरी आहे म्हणते. तुमच्या भाषणाने पाठ बरी होत असेल तर मी इथे दवाखाना कशाला चालवतो?

जिनेंद्र


सातारा
७ ऑक्टोबर २०२५

जिनेंद्र,

'विषय मिटला असं म्हणता येईल', हे वाक्य तुझ्या जर्नलमध्ये असतं तर मी त्यावर दोन लाल रेघा मारल्या असत्या. म्हणता काहीही येतं.

पुन्हा केस पेपर काढून वाचला. मी मामांना विचारलं होतं, आधी रक्त कधी दिलं. उत्तर आत्तींचं आहे. 'तीन तारखेला, संस्थेत.' मामांच्या तोंडून मी ते ऐकलेलं नाही. ती माझी चूक. आता तू एक काम कर. नळ्या आणि नंबर बाजूला ठेव. मामांना एकट्याला गाठ आणि विचार, त्या दिवशी तुमच्या दंडाला सुई लागली का.

दुसरं. तुझ्या आत्तीची पाठ कधीपासून दुखते, आणि तू तिला काय देत होतास? तू लिहिलेलं नाहीस. माझ्याकडे त्या पाऊण तास भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी बघितलं, आणि पेशंट दुसरा म्हणून सोडून दिलं.

याचं उत्तर चार दिवसांत पाठव.

चारुशीला


सातारा
१९ ऑक्टोबर २०२५

जिनेंद्र,

बारा दिवस झाले. माझा नियम मोडून मी दोनदा फोन केला. तू उचलला नाहीस, म्हणजे उत्तर तुझ्याकडे आहे. ते माझ्यापासून लपवून तुझा काही फायदा नाही आणि त्यांचा तर नाहीच. त्यांना घेऊन ये.

चारुशीला


अंकलवाडी
२६ ऑक्टोबर २०२५

चारुताई,

पेशंट चंदनबाला बाळगोंडा पाटील, वय ६६, घरकाम आणि शेती. ३ सप्टेंबरचं सभासद क्रमांक ४२ चं रक्त त्यांचं आहे. जानेवारीपासून पाठदुखी. जानेवारी ते सप्टेंबर या काळात त्या माझ्याकडे अकरा वेळा आल्या. अकराही वेळा मी वेदनाशामक सुई दिली आणि सोबत पाच दिवसांच्या गोळ्या. वयाचं दुखणं, उसातली कामं, असं म्हणत राहिलो. रक्त एकदाही तपासलं नाही, एक्स-रे एकदाही काढला नाही. गेल्या महिनाभरात थकवा, तहान, मळमळ, आणि आठवडाभरापासून पायांवर सूज. काल केलेलं क्रिएटिनिन ४.६.

पेशंटचं संपलं. आता बाकीचं.

तुमची ७ तारखेची चिठ्ठी आली त्याच दिवशी मामांना मळ्यात गाठलं. विचारलं, मामा, शिबिरात तुम्ही रक्त दिलंत का. मामा बांधावर बसले, टोपी काढली, पुन्हा घातली. म्हणाले, "जिनेंद्रा, मी खोटं बोलत न्हाई, तुला म्हाईत हाय. आनि खरं बोलायचं न्हाई असा नियम घेतलाय. देवासमोर घेतलाय. तवा तू मला इचारू नगंस."

आमच्यात नियम घेतला म्हणजे घेतला. कुणी वांगं सोडतं, कुणी रात्रीचं पाणी. मामांनी हे सोडलं होतं. नियम घ्यायला कुणी लावला, हे मला वेगळं विचारायची गरज नव्हती. मी तिथूनच आत्तीकडे गेलो.

झालं असं, की शिबिराची तारीख मी ठरवली ती दशलक्षण पर्वाच्या आत. अर्धे सभासद उपासाला आणि दिवसभर देवळात. उपासात मामा अंगाला सुई लावून घेत नाहीत. आणि 'फक्त सभासदांसाठी' हा नियम माझाच. नंबर वाया जाऊ नये म्हणून आत्ती मामांच्या नावावर बसली. लॅबच्या माणसाने यादी बघून नाव लिहिलं. मी पलीकडच्या टेबलावर ब्लडप्रेशर बघत होतो, मान वर केली नाही. आता कळतंय की तशा नऊ बायका होत्या. उरलेल्या आठजणींच्या वजाबाक्या बरोबर आहेत, तरी सगळ्यांचं रक्त त्यांच्या स्वतःच्या नावावर पुन्हा घेतलंय.

आत्ती चुलीपाशी उभी होती. मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "कळलं व्हय तुला?"

मी म्हटलं, साताऱ्याला का बोलली नाहीस?

"बोलायलाच गेलतो. हितं तुला सांगितलं असतं तर चेअरमन तुला बोलला असता, सभासद सोडून बायका कशा बसवल्या म्हणून. म्हटलं साताऱ्याच्या बाईंनाच सांगावं, रगात माझं हाय. मग बाई त्या सुयांचं बोलल्या. तसल्या डॉक्टरला काय म्हनत्यात ते बोलल्या. माझं तोंडच उघडंना."

मी म्हटलं, त्यांनी माझं नाव घेतलं नव्हतं, आत्ती.

"नाव मला ठाऊक हुतं की."

मग ती जे बोलली ते जसंच्या तसं लिहितो. "माझं काय, झाली की सहासष्ट. तुला ह्या गावात अजून तीस वर्सं बसायचंय. घरच्या आत्तीचं दुखणं कळलं न्हाई त्याला, म्हनल्यावर दारात कोन येतंय? मी कुनाला सांगनार न्हाई, आनि तूबी सांगायचं न्हाईस."

चारुताई, तुम्हाला खरं लिहितो, कारण दुसऱ्या कुणाला लिहिता येणार नाही. पहिले दोन दिवस मला सुटल्यासारखं वाटलं. ती नको म्हणतेय, मी काय करणार, असं मनाशी घोळवत होतो. तुमचा फोन वाजत होता आणि मी त्याच्याकडे बघत बसलो होतो. तिसऱ्या दिवशी स्वतःची किळस आली. मग रोज जाऊन विनवण्या केल्या. रडलो, भांडलो, दीपालीला बोलवीन म्हणून धमकी दिली. ती ढिम्म. रक्तसुद्धा घेऊ देईना. म्हणाली, चिठ्ठीत तू सुयांचं लिहिणार, ती चिठ्ठी मी न्यायची नाही. सुयांचं न लिहिता पाठवणं मला शक्य नव्हतं. तुमची दुसरी चिठ्ठी आली तोवर पायाला सूज दिसायला लागली होती.

दिवाळीच्या पहाटे आमच्या देवळात महावीरस्वामींच्या निर्वाणाचा लाडू चढवतात. सगळं गाव असतं. पूजा झाल्यावर मी पंडितांना म्हटलं, मला दोन मिनिटं बोलायचंय. त्यांना वाटलं पुढच्या शिबिराचं असेल. मी सांगितलं की माझ्याकडे एक बाई नऊ महिने पाठ धरून येत होती, मी अकरा सुया दिल्या आणि तिचा रोग ओळखला नाही. तो कर्करोग आहे, त्या सुयांनी तिची किडनी बिघडली, आणि ती बाई माझी आत्ती आहे. माझी चूक तिने चारचौघांत सांगायला पाहिजे होती, तर माझं नाव राखायला तिने रोग लपवला. एवढं बोलून खाली बसलो. आप्पासो चौगुले, संस्थेचे चेअरमन, माझ्या शेजारी येऊन बसले.

आत्ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही. माझ्या हातचं पाणी घेईना. काल सकाळी मामांच्या हाती निरोप आला, "आता काय राहिलंय राखायचं? म्हनावं गाडी काढ." कालच रक्त घेतलं, उद्या निघतोय. ही चिठ्ठी मी तिला वाचून दाखवली आहे. ती म्हणाली, जास्ती लिहिलंस.

गाडी मीच चालवत येतोय, पण आत येईन की नाही सांगता येत नाही.

जिनेंद्र


सातारा
३० ऑक्टोबर २०२५

जिनेंद्र,

तू गाडीतच बसून राहिलास, ते चांगलं केलं नाहीस. दोनदा माणूस पाठवला. पुढच्या वेळी आत ये.

दाखल केलं आहे. हिमोग्लोबिन ७.९, कॅल्शियम वाढलेलं, कमरेच्या वरचा एक मणका बसलेला. मगजाची तपासणी झाली, मायलोमाच आहे, शंका नाही. काल पहिलं इंजेक्शन पोटाच्या कातडीखाली दिलं. सोबत गोळ्या आहेत. जिलेटिनची कॅप्सूल टाळली आहे आणि वेळा दिवस मावळायच्या आत बसवल्या आहेत. तेवढ्यावर त्या तयार झाल्या. डायलिसिस लागेल की नाही ते पुढचे दहा दिवस सांगतील.

तुझी चिठ्ठी फाईलला लावली आहे, सगळी नाही, पहिला परिच्छेद. आजवर माझ्याकडे आलेल्या चिठ्ठ्यांत इतका नेमका परिच्छेद नव्हता. याचं मला बरं वाटत नाहीये.

माझ्या वाट्याचं मीच लिहिते. मी पाठ बघितली आणि सोडली. उत्तर कोण देतंय ते ऐकलं आणि सोडलं. आणि तो शब्द. त्या गप्प झाल्या तेव्हा मला वाटलं, जैन बाई आहेत, कसाई शब्द झोंबला. मी तुला तसंच लिहिलं आणि तूही तसंच मानलंस. त्या वाक्यामुळे सप्टेंबरच्या सतरा तारखेपासून ऑक्टोबरच्या सत्तावीसपर्यंतचे चाळीस दिवस गेले. सुया देणाऱ्यांबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण ते मत ऐकवायला मी ज्या माणसाला निवडलं, त्याला मी विचारायला हवं होतं की तुमची पाठ कशी आहे.

त्यांच्याशी याबद्दल बोलायचं आहे. अजून जमलेलं नाही.

चारुशीला


अंकलवाडी
१६ नोव्हेंबर २०२५

चारुताई,

डायलिसिस टळलं, हे दीपालीने फोनवर सांगितलं. त्या रात्री पहिल्यांदा नीट जेवलो.

इकडचं सांगतो. दिवाळीनंतरचे पंधरा दिवस दवाखान्यात माशा मारत होतो. लोक आष्ट्याला जात होते. आत्तीचं म्हणणं खोटं नव्हतं. आता हळूहळू येताहेत. परवा कोंडीबा खोत कंबर धरून आला आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, "सुई नगं, डॉक्टर. आदी ती वजाबाकी करा." त्याची वजाबाकी ३.२ आली. त्याला मी हात जोडून सांगितलं, तुझी पाठ ट्रॅक्टरच्या सीटमुळे दुखते.

शिबिराचा नियम बदललाय. पुढच्या वेळी आधार कार्ड बघून ज्याचं रक्त त्याचंच नाव, सभासद असो नसो. तारीख पर्व सोडून.

एक विचारायचं आहे, आणि मला आत्तीसारखं जपून सांगू नका. तिची किडनी परत येईल का?

जिनेंद्र


सातारा
१८ फेब्रुवारी २०२६

जिनेंद्र,

तुझा प्रश्न तीन महिने थांबवून ठेवला, कारण उत्तर नव्हतं. आता आहे.

सुळका ४.२ वरून ०.६ वर आला. हिमोग्लोबिन ११. कॅल्शियम जागेवर. मणका पट्ट्यावर आहे, त्या स्वतः चालतात आणि आता खुर्चीत बसतात. औषधाला शरीर उत्तम साथ देतं आहे. पुढची काही वर्षं त्या तुझ्यावर ओरडत राहतील, असं म्हणायला हरकत नाही.

किडनी परत येणार नाही. क्रिएटिनिन ४.६ वरून २.४ पर्यंत उतरलं आणि सहा आठवडे तिथेच थांबलं आहे. त्याच्या खाली जाईल असं मला वाटत नाही. जेवणात पथ्य, औषधांचे कमी डोस आणि दर महिन्याला तपासणी, हे जन्माचं झालं. यातलं रोगाने किती नेलं, तुझ्या अकरा सुयांनी किती आणि माझ्या चाळीस दिवसांनी किती, हे कोणत्याही तपासणीत निघत नाही. मी काढायचा प्रयत्न केला. तू करू नकोस.

काल त्या एकट्याच आत आल्या होत्या, मामा बाहेर औषधं घेत होते. मी विषय काढला. म्हटलं, आत्ती, त्या दिवशी मी जे बोलले त्याची मला लाज वाटते. मी तसं बोलले नसते तर तुम्ही मला सांगितलं असतं.

त्यांनी पदर नीट केला आणि म्हणाल्या, "बाई, ते खोटं असतं तर मी तितंच भांडले असते तुमच्यासंगं. माझ्या पोराला बोललेलं मी ऐकून घेतलं असतं व्हय? खरं हुतं, म्हनून गप बसले."

मी पुढची तारीख लिहून दिली. १८ मार्च, सकाळी दहा. तू घेऊन ये, आणि आत ये.

चारुशीला